धार आणि वळण

1973 च्या उन्हाळ्यात माझ्या सुतार वडिलांची, अण्णांची, करवत मोडली. बहात्तरचा दुष्काळ अजून गावावरून उठला नव्हता. शेतंच पेरली नाहीत तर तिफण कोण दुरुस्त करून घेणार, वखराला नवं दिंड कोण बसवणार? खळीच झाली नव्हती, तर बलुतं मागायचं कुठं? अण्णा दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडत आणि संध्याकाळी, हात काम विसरू नयेत म्हणून, काहीतरी चिरत बसत. अशात एकदा बाभळीच्या गाठीत अडकून करवत मधोमध तडकली. त्यांनी शिवी दिली नाही. एरवी ते देत, म्हणून हे लक्षात राहिलं. त्यांनी मोडक्या पात्याचे छिन्नीनं चार तुकडे पाडले, कडा कानशीवर घासल्या आणि एक तुकडा माझ्यापुढं टाकला.

"घे पोरा. तुझं पहिलं हत्यार."

मी तेरा वर्षांचा होतो. मला वाटलं, अण्णा चेष्टा करतायत. त्या तुकड्याला मूठ नव्हती, दात नव्हते, टोक नव्हतं. पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी, जाडीला मिलिमीटरभरसुद्धा नाही अशी पोलादी पत्ती, बस. आयटीआयमध्ये तिला स्क्रेपर म्हणतात. आमच्या घरात ती खरवडायची पत्ती. आज मी चौसष्ट वर्षांचा आहे. रंधे बदलले, वाकस तर कोपऱ्यात गंज खात पडला आहे. पण त्या करवतीचा हा तुकडा अजून माझ्या पेटीत आहे. घासून घासून त्याची रुंदी निम्मी झाली आहे.

नांदेडहून हिंगोलीकडं निघालं की अर्धापूर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीचे मळे लागतात. त्याच पट्ट्यात आमचं डोंगरकडा. इसापूर धरणाचं पाणी आलं आणि आमची ओळख केळीवर येऊन ठेपली. केळीच्या खोडात लाकूड नसतं, ही सुताराच्या नजरेनं या भरभराटीतली एकच उणीव. तरी बांधावर एखादं शिसवाचं झाड उभं असतं. दोन वर्षांपूर्वी वाऱ्यात असंच एक पडलं आणि त्याची फळी माझ्याकडं आली. कळमनुरीचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. सप्ताहात ज्ञानेश्वरी ठेवायला त्यांना नवं व्यासपीठ हवं होतं. हा लेख त्या व्यासपीठाच्या कामात सुरू झालेल्या आणि अजून न मिटलेल्या भांडणाचा आहे.

शिसव दिसायला देखणं, पण वागायला वाकडं. त्याची रेघ बोटभर एका दिशेला जाते आणि पुढच्या बोटभरात उलट फिरते. एका बाजूनं रंधा मारला तर निम्मी फळी आरशासारखी होते आणि उरलेल्या निम्मीतून चिपा उपटून येतात. दुसऱ्या बाजूनं मारला तर आधीची गुळगुळीत निम्मी उपटते. पॉलिश पेपर घासला तर खड्डे झाकतात, पण भुकटी लाकडाच्या बारीक छिद्रांत बसते आणि काळ्या-तांबड्या रेघा धुक्यातून पाहिल्यासारख्या दिसतात. अशा वेळी पत्ती लागते. ती दोन्ही हातांत धरायची, दोन्ही अंगठे मागून मध्यभागी टेकवून तिला किंचित बाक द्यायचा, पुढं कलवायची आणि ढकलायची. बरोबर लागलेली असेल तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघते. रेघ उलटी की सुलटी याची ती चौकशी करत नाही.

बरोबर लागलेली असेल तर. सगळी मेख त्यातच आहे.

पत्ती लावायची म्हणजे आधी तिला असेल नसेल ती धार घालवायची. दोन लाकडी ढिपल्यांच्या मध्ये ती शिकंज्यात उभी आवळायची आणि तिच्या काठावरून कानस आडवी धरून ओढायची. काठ सपाट आणि दोन्ही बाजूंशी काटकोनात यायला हवा. मग तेलाच्या दगडावर काठ उभा धरून घासायचा, कानशीचे ओरखडे जाईपर्यंत. दोन्ही अंगंही दगडावर आडवी घासायची. या क्षणी तुमच्या हातात काय असतं? चारही कोपऱ्यांना चोख असा पोलादाचा तुकडा. अंगठ्याला टोचत नाही, लाकडाला लागत नाही. इतर कुठल्याही हत्याराची धार ही निमुळती होत जाते. ही पत्ती कुठंच निमुळती नाही.

आता सळई घ्यायची. ती पत्तीपेक्षा कठीण आणि अगदी गुळगुळीत पाहिजे. अण्णांची सळई म्हणजे एका विहिरीवरच्या तेल इंजिनाचा निकामी झालेला व्हॉल. त्याची दांडी इंजिनात लाखो वेळा वरखाली सरकून अशी चकाकलेली, की तीत तोंड दिसावं. पत्ती बाकाच्या कडेला आडवी ठेवायची, करडईच्या तेलाचा एक थेंब टाकायचा आणि तिच्या अंगावरून काठाच्या दिशेनं ही दांडी आठ-दहा वेळा दाबून ओढायची. अंगातलं पोलाद काठाकडं सरकतं. डोळ्यांना काही दिसत नाही. मग पत्ती पुन्हा शिकंज्यात उभी करायची. दांडी आधी आडवी, काटकोनात, दोनतीनदा काठावरून ओढायची आणि मग एका बाजूला किंचित कलती करून अजून दोनतीनदा. कल किती? घड्याळाचा काटा एक मिनिट सरकतो तेवढा, फार तर दीड. नंतर अंगावरून काठाबाहेर बोट सरकवलं की कळतं: काठाला काहीतरी अडलं. केसापेक्षा बारीक असा पोलादाचा वळ बाहेरच्या बाजूला मुरडला आहे. लाकूड कापतो तो हा वळ.

अण्णांनी त्याला नाव दिलं नव्हतं. 'वळ' मी म्हणतो. अंगावर छडीचा उठतो तोच शब्द.

पटाशीला धार लावताना असाच वळ पाठीमागं येतो, पण तिथं तो दोष असतो. पाठ दगडावर घासून तो काढून टाकेपर्यंत पटाशी लागली असं कुणी म्हणत नाही. न्हावी वस्तरा चामड्यावर ओढतो तोही धारेचा मुरडलेला काठ सरळ व्हावा म्हणूनच. आमच्या या एकट्या पत्तीचं मात्र सगळं काम त्या मुरडीवर चालतं. एका हत्याराची खोड दुसऱ्याचा गुण झालेली मी माणसांतही पाहिली आहे; पण ते राहू द्या, मला वेगळंच सांगायचं आहे.

पहिल्या वर्षी मला वळ जमत नव्हता. मी जोर लावायचो. पोराला जोरच ठाऊक असतो. वळ इतका मुरडायचा की पार आत दुमडून अंगाला चिकटायचा, आणि मग पत्ती कितीही कलवली तरी नुसती घसरायची. अण्णा बाजेवरून म्हणायचे, "दाबायलास कशाला एवढं? ते का पळून जायलंय?" त्यांच्या हातांत गंमत होती. खडी फोडून फोडून बोटं सुजलेली, पण दांडी काठावरून जाताना आवाजसुद्धा यायचा नाही. जोराच्या बाबतीत मात्र ते मला शिकवायचे एक आणि करायचे भलतंच. पत्तीला हळू हात, मला छडी. त्या पिढीला वाटायचं, वळ उठल्याशिवाय वळण लागत नाही.

वळण. हा शब्द मी जन्मभर ऐकत आलो. पोराला वळण नाही, सुनेला माहेरचं चांगलं वळण आहे, अक्षराला वळण लाव. आपल्या भाषेत हत्याराला धार लावतात आणि माणसाला वळण. धार लावायची तर काहीतरी झिजवून टाकावं लागतं. दगडावरच्या काळ्या तेलात बोट फिरवा, टाकलेलं पोलाद हाताला लागतं. वळणात काहीच जात नाही. मी एकदा खरंच पाहिलं होतं. व्हॉलची दांडी ओढून झाल्यावर पांढऱ्या फडक्यानं पत्ती पुसली. तेल तेवढं आलं, काळं काहीच नाही. जे पोलाद अंगात होतं तेच काठावर गेलं आणि तेच मुरडलं.

हे मी गुरुजींना सांगितलं आणि फसलो.

ते बाकाशेजारी स्टूल टाकून बसले होते. फळी उलट्या रेघेची असल्यानं काम हळू चालू होतं आणि त्यांना वेळच वेळ होता. ते म्हणाले, "तुमच्या या प्रश्नावर शंकराचार्यांनी लिहून ठेवलंय." ब्रह्मसूत्राच्या चौथ्या सूत्रावरच्या भाष्यात ही चर्चा आहे. क्रियेनं चारच गोष्टी घडू शकतात. नसलेली वस्तू उत्पन्न होते, जसा घट. असलेली बदलते, जसं दुधाचं दही. न मिळालेली मिळते. किंवा तिच्यावर संस्कार होतो. आणि संस्कार दोनच तऱ्हांचा: एक तर वस्तूत नवा गुण घालायचा, नाही तर तिच्यातला दोष काढायचा. आचार्यांचं म्हणणं असं की मोक्ष या चारांपैकी कशातच बसत नाही, कारण आत्म्यात घालण्यासारखं काही नाही आणि काढण्यासारखंही काही नाही. त्यावर शंका घेणारा विचारतो: आरसा घासला की त्याचं तेज प्रकट होतं, तसं आत्म्याचं का होऊ नये? (त्या काळचे आरसे धातूचे. घासूनच त्यांत तोंड दिसायचं. व्हॉलच्या दांडीसारखं, असं मी मनात म्हणालो.) आचार्यांचं उत्तर: आरशावर हात चालतो, आत्म्यावर कुठल्याही क्रियेचा हात चालत नाही.

आत्म्याचं मला काही ठरवायचं नव्हतं. तेवढी माझी पायरी नाही. पण संस्कार दोनच तऱ्हांचा, हे मला पटेना. मी पत्ती त्यांच्या हातात दिली. "गुरुजी, यात मी काय घातलं? काहीच नाही. काय काढलं? काहीच नाही. आणि ही दहा मिनिटांपूर्वी कापत नव्हती, आता कापते."

त्यांनी काठावर बोट फिरवलं. शिक्षकी हात, काहीच कळलं नसणार. म्हणाले, "वळलं म्हणजे बदललं. दूध-दह्याच्या खात्यात टाका."

"दह्याचं परत दूध होत नाही. हा वळ बोथट झाला की मी पत्ती आडवी घालून दांडीनं त्याला पुन्हा उभा करतो आणि पुन्हा मुरडतो. कानस न लावता चारपाच वेळा चालतं."

"आणि सहाव्या वेळी?"

"सहाव्या वेळी तुटतो. मग कानस."

"म्हणजे सहाव्या वेळी दोष काढावा लागला. पाचांसाठी तुम्ही खरे, सहाव्यासाठी आचार्य." ते हसले आणि चहा मागितला.

माझं समाधान झालं नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यात राहून ते होणंही अवघड. नामदेव महाराजांचं जन्मगाव म्हणून नर्सी आमचं, आणि ज्या औंढा नागनाथाला त्यांना गुरू भेटला तेही आमचंच. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेकाचं डोकं वाजवून पाहतात आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरतं. कुंभाराच्या थापटण्याविषयी एक सांगतो. ते नुसतं पारखायचं हत्यार नाही. कुंभार आतून दगडी गोळा धरतो, बाहेरून थापटण्यानं हळूहळू ठोकतो आणि जाड भिंतीचं ओलसर मडकं पातळ करत मोठं करत जातो. माती घालत नाही, काढत नाही, सरकवतो. गोरोबांच्या हातात नेमकं हे हत्यार असावं, हे मला कीर्तनकारांनी कधी सांगितलं नाही. सुताराला सुचलं.

मग रागावलेले नामदेव पांडुरंगाकडं जातात आणि पांडुरंग त्यांना विसोबा खेचरांकडं धाडतो. हे विसोबा स्वतः एकेकाळी ज्ञानदेवांच्या भावंडांना छळणारे. मांडे भाजायला मुक्ताबाईला मातीचं भांडं मिळू नये म्हणून आडवे आलेले, असं कथा सांगते. औंढ्याच्या देवळात नामदेवांना काय दिसतं? म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलाय. नामदेव चिडतात. म्हातारा म्हणतो, बाबा, माझ्यानं हलवत नाही, जिथं पिंड नसेल तिथं तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलतात, वळवतात, ठेवतात, आणि तिथं पिंड. पुन्हा वळवतात, तिथंही पिंड.

आता माझा हिशेब. नामदेवांत भक्ती कमी होती का? देव ज्यांच्या हातचं जेवतो अशी ज्यांची ख्याती, त्यांच्यात कुणी काय घालायचं? मग काढलं का? अहंकार काढला, असं कीर्तनात सांगतात, आणि सोपं पडतं म्हणून सगळेच सांगतात. मला तसं दिसत नाही. नामदेवांचा हट्ट पुढंही होताच. त्याच्याशिवाय का माणूस पंजाबपर्यंत जातो? विसोबांनी त्या हट्टाची दिशा वळवली. जी माया पंढरपुरातल्या एका विटेवर सरळ काटकोनात उभी होती, ती किंचित मुरडली, आणि मग जिथं टेकेल तिथं लागायला लागली, उलट्या रेघेलासुद्धा. विसोबांचंही तसंच. आडवं येण्याची ताकद तीच, फक्त तोंड फिरलं.

औंढ्याची दुसरी कथा तर वळण्याचीच आहे. नामदेवांना कीर्तन करू न देता देवळामागं हाकललं, तर देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. तिथं नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे, तो लोक खूण म्हणून दाखवतात. मी लहानपणी तिथं गेलो तेव्हा खालच्या भागातलं दगडी कोरीवकाम पाहत बसलो होतो. वरचा भाग अहिल्याबाई होळकरांच्या काळातला, खालचा त्याच्या कितीतरी आधीचा. सांधा डोळ्यांना सापडतो. अण्णांना विचारलं होतं, एवढं दगडाचं ओझं फिरलं कसं? अण्णा म्हणाले, "हळू फिरलं असल."

जोराचा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो मला गुरुजींच्या भाष्यापेक्षा जास्त छळतो. सगळंच पोलाद वळत नाही. अण्णा गेल्यावर मी एकदा हॅकसॉच्या ब्लेडची पत्ती करून पाहिली. ते पोलाद इतकं कठीण की दांडी नुसती घसरली, आणि दाबली तेव्हा काठाचा टवका उडाला. मग डब्याच्या पत्र्याची केली. तो लगेच मुरडला आणि शिसवावर चार हात मारताच बसला. करवतीचं पोलाद या दोन्हींच्या मधलं असतं. करवतीचे दात कानशीनं घासता यायला हवेत म्हणून ते मुद्दाम थोडं मऊ ठेवलेलं. ते कुणी ठेवलं? मी नाही, अण्णांनी नाही. ज्या कारखान्यात पातं झालं तिथल्या भट्टीनं. म्हणजे वळण लावणारा कितीही हलक्या हाताचा असला तरी वळणारं आधीच वळण्याजोगं व्हावं लागतं. तिथं मग गुण घालणं आलं की नाही? मी अजून इथंच अडलो आहे.

नामदेवांवरून आठवलं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याजवळ एका शीख घरी मी पूर्वी दारं बसवायला जायचो. घरातले आजोबा ज्ञानी होते. त्यांनी मला सांगितलं, गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, आणि सोरठ रागातल्या एका पदात देव चक्क सुतार आहे. शेजारीण विचारते, नामा, तुझी झोपडी कुणी शाकारली? त्या सुताराचा पत्ता दे, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेव म्हणतात, माझा सुतार असा देता येत नाही, तो सगळीकडं भरून राहिला आहे, आणि त्याची मजुरी म्हणजे प्रीती. आजोबा डोळे मिटून सांगत होते. माझं लक्ष दुप्पट मजुरीवर अडकलं. मग त्यांनी त्या दिवशी खरंच जास्त पैसे दिले. मी घेतले.

व्यासपीठ पुरं व्हायला अकरा दिवस लागले, त्यातले चार नुसते उतरत्या फळीला. पत्ती तापते. अंगठे भाजतात म्हणून मी मागं फडकं धरतो. सालीऐवजी भुकटी पडायला लागली की वळ गेला असं समजायचं, थांबायचं, पत्ती आडवी घालायची, थेंबभर तेल, दांडी. पुतण्या मधूनच मशीन घेऊन यायचा, "काका, दहा मिनिटांत करून देतो," म्हणायचा. त्याचं चूक नव्हतं. त्याचा दिवसाचा हिशेब वेगळा, माझा वेगळा. शेवटच्या दिवशी मी त्याच्या हातात पत्ती दिली. त्यानं माझ्यासारखाच जोर लावला आणि वळ दुमडून बसवला. मी काही बोललो नाही. छडीही घेतली नाही. ती अण्णांबरोबर गेली.

गुरुजी टेम्पो घेऊन आले. फळीवर त्यांनी पालथा हात फिरवला, मग तळहात फिरवला. खिडकीच्या उजेडात काळी रेघ तांबडीत शिरून परत बाहेर येत होती.

"पॉलिश कुठलं लावलंत?"

"काहीच नाही, गुरुजी. अजून काहीच लावलं नाही."

मी जरा रोखूनच म्हणालो. त्यांच्या ते ध्यानात आलं. ते वाकले आणि बाकाखालून मूठभर साली उचलल्या, कुरळ्या, पारदर्शक; खाली टोपलीभर तरी पडल्या असतील. मूठ माझ्यापुढं उघडून म्हणाले, "आणि हे?"

पत्तीतून काही गेलं नव्हतं. फळीतून मात्र गेलं होतं, माझ्याच हातून, चार दिवस. मी म्हणालो, "तुम्ही ती बाजू धरा, जड आहे." आम्ही व्यासपीठ उचललं.